मान धरेपर्यंत

माणूस पाण्यात पालथा दिसला की आधी शिट्टी, मग उडी, विचार सगळ्यात शेवटी. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून लागणाऱ्या प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी हे घोकून घेतात. बाकीचे घोकतात आणि विसरतात. एका जीवरक्षकाच्या मात्र ते हाडीमाशी खिळलं होतं. उताण्या माणसाचं तोंड वर असतं, त्याला हाक मारायला, दोरी फेकायला, झालंच तर दोन शिव्या घालायलाही वेळ असतो. पालथ्याला हाक मारत बसायचं नसतं.

तलावावर त्याला सगळे शिट्टीराव म्हणायचे, कारण त्याच्या शिट्टीला उसंत म्हणून नसायची. पोरं मुद्दाम श्वास कोंडून पाण्यावर पालथी तरंगत राहायची, कोण जास्त टिकतो ते बघायला, आणि हा बुवा दर वेळी कपड्यांसकट पाण्यात. पोरं खिदळायची, बाकीचे जीवरक्षक खुर्च्यांवर बसून गालात हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. तो ओल्या कपड्यांनी परत वर चढून बसायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याने एका मुलीला उथळ बाजूने बाहेर काढलं होतं. कंबरेइतकं पाणी, काठावर तिचे आईवडील, आजूबाजूला ही एवढी माणसं, आणि कुणालाच पत्ता नाही. आरडाओरडा नव्हता, हातपाय मारणं नव्हतं. पाण्यावर नुसता डोक्याचा मागचा भाग दिसत होता, ओल्या केसांचा, जरा जास्तच निवांत. तो वेळेत पोचला. मुलगी खोकली, रडली आणि संध्याकाळी घरी गेली. आता ती शाळेत जाते आणि वर्गात धुमाकूळ घालते म्हणे. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. म्हणजे सगळं छानच झालं, भीती तेवढी त्याच्याकडे राहून गेली. तेव्हापासून कुणाच्याही डोक्याची मागची बाजू त्याला फार वेळ बघवत नसे. कुठे रांगेत उभं राहायची वेळ आली तर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

अशा माणसाला मुलगा झाला. गुटगुटीत, गालफडं लोंबणारं पोर. आईने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव गब्बू पाडलं आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने बजावलं होतं की बाळाला झोपवताना नेहमी उताणं झोपवायचं, भोवती उशी, दुलई, काही ठेवायचं नाही. बाप मंडळी असल्या सूचना एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. याने ही सूचना छातीशी धरली. आपली भीती खरी आहे असं जगात कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं होतं. गब्बू झोपला की हा शेजारी बसून त्याची छाती वरखाली होताना बघत राहायचा. बायको म्हणायची, तलावावरची नोकरी कमी पडते का तुला, म्हणून घरातही खुर्ची टाकलीस.

बायको शहर बस चालवायची. बाळंतपणाची रजा संपली तशी ती पहाटेच्या पाळीवर रुजू झाली. ती उजाडायच्या आत घराबाहेर पडायची, दुपारी परत यायची, आणि ती दारात आली की हा गब्बूला तिच्या हातात देऊन तलावावर पळायचा. नवराबायकोचा संसार तेवढ्या दारातल्या दोन मिनिटांत चालायचा. दूध किती प्यायला, शी झाली का, औषध दिलं का, आणि शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी गालाला हात लावायचा. बाकीचं रविवारी.

रजा संपायच्या सुमाराला आरोग्य केंद्रात लस द्यायला दोघं मिळून गेली होती. तिथल्या सिस्टरने गब्बूला हाताळून बघितलं, त्याच्या डोक्यावरून मागून हात फिरवला आणि विचारलं, जागेपणी याला पालथं घालता की नाही? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सिस्टर चिडली नाही. झोपेत उताणं, हे बरोबरच आहे म्हणाली. पण जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, दिवसातून तीनचार वेळा त्याला पोटावर ठेवायलाच हवं. आधी थोडाच वेळ, मग वाढवत न्यायचं. सारखं पाठीवर राहून डोकं मागून चपटं होतं, ते एक. पण खरं काम मानेचं. पालथं पडलं की पोर वैतागतं, वैतागून डोकं वर करायला बघतं, आणि त्यातच मान, खांदे, पाठ सगळं घट्ट होत जातं. मग कूस बदलणं, बसणं, रांगणं, सगळं त्यावर उभं. "पुढचं सगळं इथून सुरू होतं," असं म्हणून तिने टेबलावर टॉवेलची गुंडाळी ठेवली, त्यावर गब्बूची छाती टेकवली आणि त्याला पालथा घातला.

गब्बूचं नाक टेबलाला लागायच्या आत बापाने त्याला उचलला होता. सिस्टर हसली, बायको हसली, तोही हसला. पण त्याचे हात थंडगार पडले होते, आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

हे काम बापाकडे आलं, कारण सिस्टरने सांगितलं होतं की पोर ताजंतवानं असताना करा, सकाळी, दूध पिऊन बराच वेळ झाल्यावर. सकाळी घरी असायचा तोच.

पहिल्या सकाळी त्याने सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. जमिनीवर चादर घातली, सुरकुत्या काढल्या, टॉवेल गुंडाळला, गब्बूला ठेवला. पोराचं तोंड खाली गेलं आणि समोर उरला डोक्याचा मागचा भाग, घामाने चिकटलेल्या विरळ केसांचा. आवाज नव्हता. आपण काही ठरवलं असं त्याला वाटलंच नाही. बघतो तर गब्बू त्याच्या छातीशी होता.

दुसऱ्या दिवशी त्याने ठेवून नजर दुसरीकडे वळवली. ते तर फारच वाईट, कारण बघत नसताना काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या मांड्यांखाली हात दाबून बसला. गब्बू चादरीत तोंड खुपसून रडायला लागला. तो रडण्याचा कोंडलेला, लांबून आल्यासारखा आवाज ऐकून याच्या काळजाचं पाणी झालं. दोन श्वासांच्या वर तो टिकला नाही. मग एक दिवस पोराला सर्दी होती. एक दिवस नीट झोप झाली नव्हती, पोराची की बापाची हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. त्यानंतर चादर कपाटातून बाहेर आली नाही.

दारात बायको विचारायची, केलं का? तो म्हणायचा, केलं. किती वेळा? तीनदा. पहिली थाप मारताना जीभ जरा अडखळली. दुसऱ्या दिवशी नाही. वाटायचं, उद्यापासून करूच, मग आजचं खोटं धरायचं कशाला?

आता कुणी म्हणेल, आईच्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं, पण उलटं आलं. दुपारनंतर गब्बू तिच्याजवळ असायचा. कधी संध्याकाळी तीही त्याला पालथा घालून बघायची. तो लगेच भोकाड पसरायचा, मान काही उचलायचा नाही. मग ती त्याला उचलून घ्यायची आणि म्हणायची, सकाळी तीनदा झालंय, दमला असेल माझा राजा. पण रात्री कपडे वाळत घालता घालता तिचा हात थांबायचा. तीनतीनदा करूनही मान का धरत नाही? तिने शेजारणीचं पोर बघितलं, बसमध्ये चढणाऱ्या बायकांच्या कडेवरची पोरं आरशातून बघितली. सगळी माना ताठ करून जग बघत होती. आपल्याच पोराची मान मागे कलंडते, हे तिने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

गब्बू चार महिन्यांचा झाला तेव्हा ती त्या दोघांना घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टर बाई वयस्कर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी गब्बूचे दोन्ही हात धरून त्याला हळूच बसता केला. अंग वर आलं, डोकं मागेच राहिलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं. मग विचारलं, पालथं घालता ना रोज?

"हा करतो," बायको म्हणाली. "सकाळी तीनदा. एक दिवस चुकवत नाही."

डॉक्टर बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "नक्की?"

त्याने मान डोलावली. त्याला स्वतःलाच दिसत होतं की आपण मान डोलावतोय, आणि ती थांबवता येत नव्हती.

डॉक्टर बाईंचा चेहरा बदलला. फार नाही, पण एखादी सोपी शक्यता मनातून काढून टाकली की बदलतो तेवढा. त्या म्हणाल्या की व्यायाम होत नसता तर मी म्हणाले असते, आधी व्यायाम करा, मग बघू. पण रोज होऊनही मान येत नाही, म्हणजे आपल्याला आत बघावं लागेल. स्नायू, नसा, कदाचित मेंदू. मोठ्या इस्पितळात पाठवते. बाळ हललं तर चित्र नीट येत नाही, म्हणून गुंगीचं औषध देतील. घाबरू नका, असंही त्या म्हणाल्या, पण ते सगळेच डॉक्टर म्हणतात.

सांगून टाकायला तिथेच जागा होती. त्याने तोंड उघडलंही. पण बायकोने त्याचा हात घट्ट धरला होता. त्याने तोंड मिटलं. दोन मिनिटांनी ते बाहेर फुटपाथवर होते.

घरी जाताना चालता चालता ती म्हणाली, "तू तरी तुझं सगळं केलंस. माझंच चुकलं असणार. सातव्या महिन्यापर्यंत बस चालवली मी. त्या खड्ड्यांतून किती धक्के बसले असतील त्याला."

तो म्हणाला, असं काही नसतं. एवढंच म्हणाला. गब्बू त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता.

मग सुरू झाला तो आठवडा वैऱ्यावरही येऊ नये. बायको कामावर जायची, यायची, पण दारात थांबून बोलणं बंद झालं. पोराला घ्यायची आणि त्याच्या मानेखाली हात देऊन तशीच बसून राहायची, गणवेशही न बदलता. एकदा तो चावी विसरला म्हणून जिन्यातून परत आला, तर ती मोरीच्या कट्ट्यावर बसून तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडत होती, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. तो पाऊल न वाजवता मागे फिरला. चावीशिवाय.

सांगून टाक, एवढं सोपं होतं ते. पण आता एका भीतीच्या पोटात दुसरी भीती बसली होती. समजा त्याने सांगितलं, बायकोचा जीव भांड्यात पडला, दोघांनी मिळून गब्बूला पालथा घातला, आणि तरीही मान वर आली नाही तर? जोवर त्याने केलं नव्हतं तोवर निदान एक आशा होती की नुसतं करायचंच राहिलंय. केल्यावर तीही जाणार. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण पोराचं तोंड चादरीत जाऊ नये म्हणून घाबरतोय. खरं म्हणजे तो आता दोन्हीकडून घाबरत होता, आणि मधल्या मध्ये पोर पाठीवर पडून छताकडे बघत दिवस काढत होतं.

तलावावरही त्याचं लक्ष लागेना. एक म्हातारा पोहणारा काठाला धरून नुसता दम घेत होता, याने शिट्टी फुंकली. एक मुलगी खरंच दमून हात वर करत होती, ती शेजारच्या खुर्चीवरच्याने आधी बघितली. मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक ना? तो म्हणाला, ठीक.

तपासणी दोन दिवसांवर आली तेव्हा सकाळी इस्पितळातून एका बाईचा फोन आला. तिने बाळाला त्या दिवशी किती तास आधीपासून दूध द्यायचं नाही ते सांगितलं. गुंगीत असताना श्वासावर लक्ष ठेवायला वेगळे डॉक्टर असतील, आईवडिलांना बाहेर थांबावं लागेल, असंही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. बोलणं संपलं तेव्हा गब्बू पाळण्यात पाय झाडत होता आणि बापाकडे बघून बोळकं पसरून हसत होता. याला उपाशी ठेवणार, झोपवणार, यंत्रात घालणार, श्वासावर लक्ष ठेवायला माणूस बसवणार. आणि हे सगळं कशासाठी, तर आपण दारात तीनदा म्हणालो म्हणून. आता बायको दुपारी येईपर्यंत थांबलो तर दारातली दोन मिनिटं पुन्हा तशीच जातील, हे त्याला स्वतःचा स्वभाव माहीत असल्यामुळे पक्कं माहीत होतं.

त्याने गब्बूला झोळीत बांधला आणि तो तिच्या बसच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिला.

बस आली. तिने दार उघडलं आणि त्याला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, काही झालं नाही, तू चालव. तो तिच्या मागच्या सीटवर बसला. डोक्यावर पाटी होती की गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाटीचा आधार वाटला. समोर तिची मान होती, गणवेशाच्या कॉलरमधून आलेली, एकदम ताठ. आज त्याने भिंतीकडे बघितलं नाही. प्रवासी चढत होते, उतरत होते, एका आजीने गब्बूचे गाल ओढले. गाडी वळणावर झुकली की पोराचं डोकं कलंडायचं आणि हा हात लावायचा.

शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. तिने इंजिन बंद केलं, दिवे बंद केले आणि सीटवरच मागे वळली. तेव्हा त्याने सांगितलं. अडखळत अडखळत, पण सगळं सांगितलं. चादर, टॉवेल, दोन श्वास, सर्दी, आणि रोजचं तीनदा.

तिने स्टिअरिंगवर हात ठेवला.

"एकदाही नाही?"

"तीनच दिवस ठेवला. लगेच उचलला."

"डॉक्टरांसमोरही तू मान डोलावलीस."

त्याने गब्बूची झोळी सारखी केली.

"मी आठवडाभर माझ्या पोटाला शिव्या घालतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली. "तुला भीती वाटते, एवढं मला सांगता आलं नसतं?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते. आणि मग मी ठेवला असता त्याला."

बाहेर पुढच्या फेरीचे दोनतीन प्रवासी येऊन उभे राहिले होते. एकाने काचेवर टकटक केली. तिने त्याला हाताने थांब म्हटलं, तोंड पुसलं आणि गब्बूच्या डोक्यावर, मागच्या चपट्या भागावर, तळवा ठेवला. मग तिने सांगितलं की डॉक्टर बाईंशी ती स्वतः बोलणार, खरं काय ते सांगणार, आणि तपासणी करायची की थांबायचं ते त्या म्हणतील तसं. त्याने त्यात पडायचं नाही. त्याने घरी जायचं आणि पोराला पालथा घालायचा. आता, आजच.

तो म्हणाला, तू आलीस की दोघं मिळून करू.

"नाही. मी असले की तू माझ्याकडे बघशील, त्याच्याकडे नाही. एकटा कर." तिने दार उघडायचं बटण दाबलं. "आणि या गाडीने येऊ नकोस. मागच्या बसने जा."

तो मागच्या बसने घरी आला. घरात शिरला तेव्हा गब्बू जागा होता, ताजातवाना, मुठी चोखत. आता सर्दीचं निमित्त नव्हतं, झोपेचं नव्हतं. त्याने कपाटातून चादर काढली, जमिनीवर पसरली, सुरकुत्या काढल्या, पुन्हा काढल्या. टॉवेल गुंडाळला. तोंड धुऊन आला. मग त्याला सिस्टरचं आणखी एक सांगणं आठवलं, की वरून बघत उभं राहू नका, त्याच्या समोर त्याच्यासारखंच आडवं व्हा. तो पालथा झोपला. खिशातला मोबाइल पोटात टोचायला लागला, तेव्हा त्याने तो काढून बाजूला जमिनीवर ठेवला. मग श्वास धरून गब्बूला टॉवेलवर टेकवला आणि हात काढून घेतले.

तोंड खाली गेलं. डोक्याचा मागचा भाग वर आला.

त्याचं सगळं अंग उडी मारायला उठलं. पाय, खांदे, दंड, सगळं. ओठ शिट्टीसाठी आवळले गेले. गब्बूचा आवाज नाही. मग तो कोंडलेला आवाज आला, चादरीतून, चिडका. त्याने दोन्ही तळवे जमिनीवर दाबून धरले, एवढे की बोटं पांढरी पडली. हे पाणी नाही, तो स्वतःला सांगत होता. ही जमीन आहे. माझं पोर आहे, जागं आहे, आणि मी त्याच्यापासून एका हातावर आहे. हे सगळं खरं होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात उचलला तर तो हात पोराकडे जाईल म्हणून त्याने पुसलंही नाही.

गब्बू चिडला. पाय झाडले, नाक चादरीवर घासलं, आणि घासता घासता त्याचं तोंड एका बाजूला वळलं. लाल झालेला एक गाल दिसला, एक डोळा दिसला, उघडं तोंड दिसलं. त्याने श्वास घेतला. कुणी वळवलं नव्हतं, त्याचा तोच वळला होता. श्वास घेऊन त्याने नव्या दमाने टाहो फोडला, आणि बापाने जमिनीला गाल टेकवला, कारण त्याच्याही मानेतलं बळ गेलं होतं. पण मान वर आली नव्हती. वळणं निराळं आणि उचलणं निराळं. ती दुसरी भीती अजून जागच्या जागी होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

गब्बूचं रडणं मध्येच तुटलं. त्याचा तो एक डोळा आवाज शोधायला लागला. आवाज येत होता समोरून, आणि गालावर पडून तिकडचं काही दिसत नव्हतं. त्याच्या मानेची शीर हलली. डोकं थरथरलं. कपाळ चादरीवरून सुटलं, मग गाल, आणि मग, हलत, डुगडुगत, हनुवटी. लाळेचा एक धागा चादरीला तसाच चिकटून राहिला. पोर मान वर करून उजेड लागलेल्या मोबाइलकडे बघत होतं, आणि त्याचा चेहरा असा होता, की इतके दिवस ही वस्तू माझ्यापासून लपवली कुणी?

पडद्यावर बायकोचं नाव होतं. ती कुठल्या तरी स्टॉपवर बस उभी करून मोबाइल कानाला लावून बसली असणार, प्रवासी खोळंबले असणार, आणि प्रत्येक रिंगला तिचा जीव आणखी खाली जात असणार. त्याला ते सगळं कळत होतं. उचलून एक शब्द सांगायचा, की बिचारीची सुटका. पण उचलला की वाजायचा थांबला असता.

त्याने उचलला नाही.

रिंग बंद पडली. गब्बूची मान तशीच एक क्षण अधांतरी राहिली आणि धपकन खाली आली. बापाचा हात सुटला, अर्ध्या वाटेवर गेला, आणि तिथेच थांबला. गब्बूने नाक घासलं, तोंड बाजूला वळवलं, श्वास घेतला.

मोबाइल पुन्हा वाजायला लागला. बापाने हात मागे घेतला आणि मान हलायची वाट बघत राहिला.